उजव्या चाकाखालचा डाग

आईनं दारात सडा घातला आणि पाण्यावर सात रंग पसरले. दिवाळीला आठच दिवस राहिले होते. "ह्याच्यावर मी रांगोळी कशी काढू?" एवढंच विचारून ती आत गेली. आमच्या घरात एवढं पुरतं.

तेल गळत होतं ते माझ्या गाडीचं. गाडी सॅन स्टॉर्म. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : गोव्यात बनलेली, दोन सीटांची, फायबरच्या अंगाची आणि कापडी टपाची देशी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद साठेक हॉर्सपॉवर. आजची कुठलीही साधी हॅचबॅक तिला चढावर मागं टाकेल. पण टप दुमडून पहाटे यवतेश्वरचा घाट चढताना ढुंगण रस्त्याला घासतंय की काय असं वाटतं, आणि ती मजा हॅचबॅकमध्ये नाही. मी शाळेत गणित शिकवतो. पोरं हिला 'सरांची फेरारी' म्हणतात. सुरुवातीला मी त्यांची चूक दुरुस्त करायचो, आता करत नाही.

आम्ही साताऱ्यात माची पेठेत राहतो, अजिंक्यताऱ्याच्या उतरणीवर. इथं सपाट जागा म्हणाल तर फक्त देवघरातला पाट. गाडी दारात उभी करतो तेव्हा उजवी बाजू चांगली चार बोटं खाली असते. सात वर्षांत ह्या गोष्टीकडं माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

पहिलं काम केलं ते मास्तरी पद्धतीनं. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवला, चार कोपऱ्यांवर चार चाकं लिहिली, आणि रोज सकाळी पडलेल्या थेंबांना पेन्सिलनं गोल करून बाजूला तारीख घातली. पहिल्या रात्री सात थेंब, दुसऱ्या रात्री नऊ. तिसऱ्या रात्री मोजता येईना, सगळे मिळून एकच तळं झालं. सगळी वस्ती पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला.

पुठ्ठा घेऊन गोडोलीला आमच्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी तळ्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाला लावलं आणि तेच बोट माझ्या नाकापुढं धरलं.

"घ्या वास."

सडक्या लसणासारखा, गंधकाचा वास. एकदा घेतला की विसरत नाही.

"इंजनाचं तेल असतं तर काळं असतं, सर. कूलंट पाण्यासारखं, चिकाट. ब्रेकचं तेल रंग खातंय. ह्यो वास गिअरबॉक्सचाच."

तेल कुठलं ते कळलं, आता येतंय कुठून ते बघायचं होतं. तेल वाऱ्यानं मागं जातं, फिरत्या भागावरून उडतं, आणि थेंब पडतो तिथून वीतभर पुढं गळती असते. मिस्त्रींनी गिअरबॉक्सची उजवी बाजू डिझेलनं धुतली, हवा मारून कोरडी केली आणि माझ्या हातात अंगाला लावायच्या पावडरचा डबा दिला. सगळीकडं पावडर उडवून मी बॉम्बे रेस्टॉरंट चौकापर्यंत गेलो नि परत आलो. गाडी वर घेऊन पाहिलं, तर पांढऱ्या पावडरीत एकच ओला ओघळ होता. गिअरबॉक्समधून उजवा एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, जिथं बाहेर पडतो, बरोबर तिथून सुरू झालेला.

तिथं ऑइल सील असतं. लोखंडी कड्यावर बसवलेलं रबर, त्याला आतून एक पातळ ओठ, आणि ओठ शाफ्टला, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याला, चिकटून राहावा म्हणून मागं बारीक स्प्रिंगचं कडं. शाफ्ट मिनिटाला शेकडो वेळा फिरतो आणि हा ओठ त्याला न सोडता, न घट्ट धरता, तेल आत ठेवतो. पंचवीसेक वर्षांत रबर कडक होतं, ओठाची धार जाते, मग तेल वाट काढतं. त्यात आमची गाडी रात्रभर उजवीकडं कललेली, म्हणजे गिअरबॉक्समधलं तेल रात्रभर ह्याच सीलवर रेलून बसलेलं. माची पेठेचा उतारही ह्या गुन्ह्यात सामील होता.

स्टॉर्मचे पार्ट मिळणं म्हणजे लग्नाला योग्य मुलगा मिळण्यासारखं आहे, सगळे म्हणतात असेल कुठंतरी. पण गिअरबॉक्सही रेनोच्याच घराण्यातला, त्यामुळं आमची भाऊबंदकी महिंद्राच्या लोगन आणि व्हेरिटो गाडीवाल्यांशी. पहिला अनुभव आला तो ड्रेन प्लगला, म्हणजे तेल सोडायच्या बुचाला. ह्या प्लगला बाहेरून पाना लागत नाही, आत ८ मिलिमीटरचा चौकोनी खड्डा असतो. ॲलन की सहा कोनी, ती त्यात फिरून धार मारते आणि प्लग कायमचा बाद होतो. मिस्त्रींकडं चौकोनी की नव्हती. शेजारच्या एका व्हेरिटोच्या कारागिराकडं होती, त्यानं ती चहाच्या बोलीवर दिली.

रविवारी सकाळी काम काढलं. फायबरच्या गाडीला जॅक कुठंही लावता येत नाही, खालच्या लोखंडी चासीलाच लावायचा, नाहीतर पाच हजारांचं काम पन्नास हजारांवर जातं. दोन घोड्या लावल्या, चाक काढलं, तेल सोडलं. मी ते पाण्याच्या बाटल्यांत मापलं. मिस्त्री हसले, पण मापलं म्हणून तर कळलं की सव्वातीन-साडेतीन लिटर घेणाऱ्या गिअरबॉक्समधून जेमतेम सव्वादोन लिटर निघालं. लिटरभर तेल सातारा शहराला अर्पण झालं होतं. पाचव्या गिअरमध्ये गेले दोन महिने जो बारीक सूर येत होता, तो मी टायरचा समजत होतो.

ह्या गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला एक्सल खिळीनं पकडलेला असतो. खिळी म्हणजे गुंडाळलेल्या पत्र्याची पोकळ पिन, आणि एकीच्या आत दुसरी अशा दोन. मिस्त्रींनी एक्सल हातानं फिरवून भोक बरोबर वर आणलं, पंच लावला आणि हातोडीचे सहा घाव घातले. काही नाही. गंज सोडायचं तेल मारून आम्ही चहाला गेलो. आलो तर तिसऱ्या घावाला दोन्ही पिना खाली. घाई केली असती तर पंचचं टोक आतच मोडलं असतं, असं मिस्त्री म्हणाले, आणि मोडलेला पंच काढायला अख्खा दिवस गेलेली एक जीपही सांगितली.

पुढचं काम त्या मानानं सोपं. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, सोडून तारेनं बांधून ठेवला, म्हणजे ब्रेकच्या नळीला ताण नको. चाक ज्यावर बसतं त्या नकलचे वरचे बोल्ट काढून तो बाहेर झुकवला आणि एक्सल आऱ्यांवरून, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या दात्यांवरून, सरकवून मोकळा केला. आत शाफ्टच्या खाचेत बसलेली ओ-रिंग, रबरी कडी, होती, ती नखानं उचलली तर दोन तुकड्यांत हातात आली. मग सील. त्याच्या खालच्या कडेला बारीक पंचनं हलका ठोका दिला की ते जागेवरच कलतं आणि वरची कड बाहेर येते, तिला पकडीनं धरून ओढायचं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला गेलं तर ॲल्युमिनियमच्या घराला ओरखडा पडतो आणि नवं सीलही तिथूनच गळतं. स्प्रिंग आत पडू नये म्हणून मी खाली हात धरून बसलो होतो. पडली नाही. सील निघालं ते कोळशासारखं कडक, अंगठ्यानं दाबलं तर ओठ टचकन मोडला.

नवं सील मी आधीच पुण्याहून मागवलं होतं. सीलला तीन आकडे लागतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ३५-५२-७ असं म्हटलं की दुकानदार मान न उचलता फळीवर हात घालतो. मला हवे ते तीन आकडे मी दुकानाला फोनवर सांगितले होते, कुरिअर आलं, व्हर्निअर ही मापायची पट्टी लावून मी स्वतः खात्री केली होती आणि हौसेनं फोटोही काढला होता. आऱ्यांच्या धारेनं ओठ कापू नये म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळली, ओठाला तेल लावलं, स्प्रिंगची बाजू आत, आणि बरोबर मापाच्या पाइपच्या तुकड्यानं टकटक करत सील सरळ बसवलं. नवी ओ-रिंग, नव्या पिना, पिनांच्या दोन्ही तोंडांना सीलंट, कारण तिथूनही तेल पाझरतं.

तेलावरून थोडी झकाझकी झाली. मिस्त्रींचा आग्रह ९० नंबरचा. "सगळ्या गाड्यांत तेच घालतोय मी." ह्या गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-८० लागतं, पातळ. ९० नंबर घातलं तर थंडीत सकाळी दुसरा गिअर पडत नाही, आणि डिफरन्शियलसाठीच्या काही तेलांतली रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. मी डबा बरोबर नेला होता, त्यामुळं वाद जिंकलो. गाडी सपाटीवर घेऊन बाजूच्या भोकातून बाहेर येईपर्यंत तेल भरलं.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. तिसऱ्या दिवशीही कोरडा. आईनं लक्ष्मीपूजनाला दारात मोठी ठिपक्यांची रांगोळी काढली आणि मी तिचा फोटो मिस्त्रींना पाठवला.

भाऊबीजेला कऱ्हाडला बहिणीकडं गेलो. हायवेनं पन्नासेक किलोमीटर, एका दमात. ती ओवाळत असताना दाजी बाहेरून आले आणि म्हणाले, "सर, तुमची गाडी मुततीय." तिच्या नव्या फरशीवर, उजव्या चाकाखाली, गरम तेलाचे थेंब टपटपत होते. लसणाचा वास ओळखीचा.

इथून खरी गोष्ट सुरू होते. मी परत आलो, पुठ्ठा घातला, रात्रभर एक थेंब नाही. सकाळी शाळेत जाऊन आलो, दोन थेंब. रविवारी कासला जाऊन आलो, सगळी आतली बाजू तेलानं माखलेली. जुनं सील गाडी उभी असताना गळायचं. नवं सील उभं असताना गळत नाही, चालताना गळतं. म्हणजे आजार बदलला होता, औषध तेच चालणार नव्हतं. एवढं मला कळलं, पुढचं नाही.

मिस्त्रींना ब्रीदरची शंका आली. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, ती जायला बारीक नळी असते. ती चिखलानं बुजली की दाब सीलवर येतो आणि तेल ढकललं जातं. शंका शहाणी होती. ब्रीदर काढून फुंकला, चांगला मोकळा निघाला. परत कास, परत तेल. मिस्त्री म्हणाले, "सील डुप्लिकेट आलंय." मी दुकानाला फोन केला. दुकान म्हणालं, बसवणाऱ्याची चूक. एकमेकांवर ढकलायच्या ह्या खेळात पैसे नेहमी गाडीवाल्याचे जातात.

शेवटी मी साताऱ्याच्या एमआयडीसीत अण्णांकडं गेलो. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. अण्णांचं वय सत्तरीच्या पुढं, आयुष्य लेथवर आणि पंपांच्या दुरुस्तीत गेलेलं. मी पुठ्ठा, तारखा, उभं-चालतं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि एकच प्रश्न विचारला.

"बाण कुणीकडं होता?"

"कसला बाण?"

ते माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले, जिनं मी पाढे न येणाऱ्या दहावीच्या पोराकडं बघतो. मग उठून त्यांनी फळीवरचं एक सील आणलं आणि उजेडात तिरकं धरलं. ओठाच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या बारीक, तिरक्या रेघा होत्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. तोंडावर उठावाचा एक लहानसा बाण. शाफ्ट बाणाच्या दिशेनं फिरला, की ह्या रेघा ओठाखालून पाझरलेलं तेल ओढून परत आत ढकलतात. उलट फिरला, की त्याच रेघा तेल बाहेर उपसतात. गाडी उभी असेल तेव्हा रेघांचं काही काम नाही, ओठ एकटा पुरतो.

मी मोबाइल काढला. हौसेनं काढलेला तो फोटो मोठा केला. व्हर्निअरच्या जबड्याशेजारी बाण होता. स्पष्ट. मी आकडे वाचले होते, बाण वाचला नव्हता.

आता तो बाण चूक की बरोबर? गंमत म्हणजे ह्यावर आमचा पंधरा मिनिटं वाद झाला. अण्णा म्हणत, गाडी पुढं जाते तर चाकं सगळी एकाच बाजूला फिरतात, मग डावं-उजवं वेगळं कसं? शेवटी मी चहाच्या पातेल्यावरची ताटली घेतली, तिच्यावर खडूनं बाण काढला आणि टेबलावर उभी घरंगळवली. अण्णा टेबलाच्या ह्या बाजूला, त्यांचा मुलगा पलीकडं. अण्णांना ताटली घड्याळाच्या काट्यांसारखी फिरताना दिसली, मुलाला उलटी. गाडीच्या उजव्या बाजूला उभं राहून बघा : गाडीचं नाक तुमच्या उजव्या हाताला, चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणं फिरणार. डाव्या बाजूनं बरोबर उलट. माझ्या सीलवरचा बाण काट्यांच्या उलट दिशेचा होता. माप तंतोतंत, बाजू डावी. दुकानानं तिन्ही आकडे जुळवून दुसऱ्याच कुशीचं सील धाडलं होतं, आणि मी, वर्गात वीस वर्षं आरशातल्या प्रतिमा शिकवणारा, ते उजव्या कुशीत ठोकून बसवलं होतं.

"सर," अण्णांचा मुलगा म्हणाला, "म्हणजे रिव्हर्समध्ये कासला गेला असता तर थेंब सांडला नसता."

त्याला मी दहावीत गणितात चौऱ्याऐंशी दिले होते. कमी दिले.

शनिवारी अर्धी सुट्टी टाकून एसटीनं कोल्हापूरला गेलो. उद्यमनगरात तिसऱ्या दुकानात हवं ते मिळालं : त्याच मापाचं, पण बिनरेघांचं, साध्या ओठाचं सील. ते कुठल्याही बाजूला चालतं. तांबूस तपकिरी, व्हायटॉनचं. साध्या काळ्या नायट्राइल रबरापेक्षा उष्णता जास्त सोसतं. किंमत पहिल्याच्या तिप्पट. बाण उजवा असलेलं मिळालं असतं तर तेही चाललं असतं, पण त्या दिवशी बाण दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा.

दुसऱ्यांदा काम काढताना अण्णा स्वतः आले. मिस्त्रींना ते थोडं खटकलं, पण अण्णांनी 'मिस्त्री, तुमी करा, मी निस्ता बघतो' म्हटल्यावर निवळले. सील काढल्यावर अण्णांनी माझं बोट धरलं आणि शाफ्टवर फिरवलं. "नखानं बघा." ओठ जिथं घासतो तिथं, सबंध गोलाईत, नखाला जेमतेम लागेल एवढी खाच होती. डोळ्यांना नुसती चकाकणारी पट्टी दिसते, नख मात्र अडकतं. पंचवीस वर्षं रबरानं लोखंड झिजवलं होतं, म्हणजे खरं तर रबरात अडकलेल्या धुळीनं. पहिल्या खेपेला हे आम्ही कुणी बघितलंच नव्हतं.

खाच खोल असती तर शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवावी लागली असती. एवढ्याला अण्णांचा साधा इलाज : सील पूर्ण तळाला न ठोकता मिलिमीटर-दीड मिलिमीटर अलीकडं ठेवायचं, म्हणजे ओठ नव्या जागेवर चालतो. आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर पट्टीसारखा गुंडाळून शाफ्ट पुसायचा, पण हात फक्त गोल फिरवायचा, आडवा सरकवायचा नाही. आडवा सरकला की शाफ्टवर आट्यांसारख्या रेघा पडतात, आणि मग त्या सीलवरच्या रेघांचंच काम करतात. घरात चोर नव्हता, आपणच आणून बसवायचा. पेपरची धूळ आत जाऊ नये म्हणून तोंडाशी ग्रीस लावलेलं फडकं कोंबलं होतं.

सील चारही बाजूंनी सारखं बाहेर राहिलंय ना, हे मी व्हर्निअरच्या मागच्या काडीनं चार ठिकाणी मोजलं. सव्वा, सव्वा, सव्वा आणि एका ठिकाणी दीडला थोडं कमी. मिस्त्रींनी तिथं एक हलका ठोका दिला. बाकी सगळं पहिल्यासारखंच, फक्त ह्या वेळी चिकटपट्टी गुंडाळायला मी विसरलो होतो आणि मिस्त्रींनी आठवण केली.

त्याच संध्याकाळी कास. उतरताना मुद्दाम पाचव्यात गेलो नाही, इंजिन तापू दिलं. घरी येऊन आडवा झालो आणि बॅटरी मारली. एक्सलच्या तोंडाशी मिस्त्रींनी उडवलेली पावडर तशीच पांढरी, कोरडी.

पुठ्ठा मी आणखी दोन महिने ठेवला. मार्गशीर्षात एक थेंब पडला तेव्हा छातीत धस्स झालं, पण वास घेतला तर कसलाच नव्हता. शेजारच्यांच्या गच्चीतून ठिबकलेलं पाणी होतं. त्यालाही गोल करून तारीख घातली.

संक्रांतीच्या पहाटे अंघोळीचं पाणी तापवायला आई बंब पेटवत होती, लाकडं ओली होती, धूर नुसता. "तो तुझा तारखांचा पुठ्ठा आण," ती म्हणाली. तेल मुरलेलं असल्यानं तो पहिल्याच काडीला भडकला. अंगणभर लसणाचा वास सुटला.